खुर्च्या जास्त, मुले कमी

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्या उत्सवात संगीत खुर्चीचा खेळ फार जुना. पूर्वी मुले इतकी असायची, की खुर्च्या घरोघरून गोळा कराव्या लागत. आता मंडपात खुर्च्या भरपूर आहेत, पण त्यांवर आपणच बसलेलो असतो. चित्रकला स्पर्धेचे तीन गट होते, त्यांचा एक झाला. वर्गणी मात्र कमी झालेली नाही. ती पुण्याहून, बेंगळुरूहून, कुणाची अमेरिकेहून फोनवर येते. वर्गणी येते, वर्गणीदार येत नाहीत. आज बोलायचे आहे ते याविषयी.

हे असे का झाले? आपली टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर ही शहापूर-वडगावसारखी जुनी विणकरी वस्ती नव्हे. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले, तेव्हा हा सारा मोकळा माळ आणि शेते होती. त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. घरे पुढे हळूहळू उठली. शिक्षक, कारकून, बँकेतले, कारखान्यातले असे आपण साधारण एकाच वयात प्लॉट घेतले, एकाच सुमारास घरे बांधली. आपली मुले एकत्र शाळेत गेली आणि एकत्रच बाहेर पडली. मग आपणही एकत्रच म्हातारे झालो. जुन्या गावात सगळ्या वयांची माणसे मिसळलेली असतात. उपनगर मात्र एका पिढीने वसवलेले असते, म्हणून त्या पिढीबरोबरच ते पिकते.

त्यात आपल्या सीमाभागाचे वेगळे दुखणे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ज्यांना बोट धरून बालवाडीत नेले जात होते, ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला नोकरीसाठी कन्नड कच्चे पडले, तर पुणे जवळ वाटले. उद्यमबागेतल्या फाउंड्रींनी अनेकांना धरून ठेवले, पण शिकलेल्या सगळ्यांना सामावून घेणे त्यांनाही जमले नाही. निपाणीत वेगळीच तऱ्हा. तिथे तंबाखूच्या वखारींत राबून, घरी विड्या वळून ज्या बायकांनी मुलांना शिकवले, त्यांचीच मुले महामार्गाने कोल्हापूर-पुण्याकडे गेली. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर बसलेली तरुण माणसे आज काठी टेकत चालतात.

हे फक्त आपल्याच नशिबी आले आहे, असेही नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे देशात शेकडा साडेआठच्या आसपास होती, कर्नाटकात साडेनऊ, महाराष्ट्रात दहाच्या जवळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दोन्ही राज्यांत एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आढळली. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात. म्हणजे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे पाळणा सारखाच हलका झाला आहे. या बाबतीत तरी दोन्ही राज्यांत वाद नाही!

आकडे बाजूला ठेवू. आपल्यातल्याच एक आजी गेल्या पावसाळ्यात रात्री न्हाणीघरात पडल्या. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या, तेव्हा शेजाऱ्यांना कळले. दार आतून बंद, किल्ली मुलाकडे, मुलगा बेंगळुरूत. आजी वाचल्या. पण त्या रात्री आपण सगळे पन्नास पावलांवर झोपलो होतो. मुलगा लांब होता हे खरे, पण आपण तर जवळ होतो ना?

म्हणून तीन गोष्टी मांडतो.

एक. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाची जादा किल्ली एका शेजाऱ्याकडे असावी आणि सकाळी आठच्या आत एक फोन व्हावा. आपण ज्येष्ठांनीच ज्येष्ठांना करायचा. औषधे, रक्तगट, मुलांचे नंबर अशी वही मंडळाने ठेवावी. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांक आणि सत्तरीपुढच्यांना, उत्पन्न कितीही असो, मिळणारे आयुष्मान कार्ड यांची माहिती प्रत्येक घरी पोचावी. कन्नड अर्ज भरून द्यायला दोन कार्यकर्ते पुरेत.

दोन. कार्यक्रम आपल्या गुडघ्यांना झेपतील असे करू. व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा हवा. विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावाला पोचेपर्यंत उजाडते. ती जागण्याची जबरदस्ती कुणालाही नको, पण आपल्या दारावरून बाप्पा जाताना थांबावा.

तीन, आणि ही सर्वांत अवघड. आपली मुले नाहीत म्हणजे मुलेच नाहीत असे नव्हे. आपल्याच माडीवर भाड्याने राहणारी तरुण कुटुंबे आहेत. कुणी चंदगडचे, कुणी खानापूरचे, कुणी गोकाकचे. त्यांची मुले गॅलरीतून आपला मंडप बघतात. त्यांना आपण कधी बोलावले? आरतीचे ताट त्यांच्या हाती दिले, तर त्यांच्यातले एखादे कन्नड घरही मराठी आरती पाठ करील. आपले मराठीपण त्याने कमी होणार नाही. कुलपात ठेवले तर मात्र नक्की होईल.

भाषेसाठी आपण आयुष्यभर झगडलो, त्याची लाज नाही आणि पश्चात्तापही नाही. पण भाषा जिवंत राहते ती बोलणाऱ्या तोंडांत, आणि तोंडे लहानही लागतात.

पुढच्या वर्षी संगीत खुर्ची पुन्हा लावू. वरच्या माडीवरच्या मुलांना हाक मारू. त्या वेळी खुर्च्या कमी पडल्या, तर आपण आनंदाने उठून उभे राहू.

गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!