उचल कोणाच्या नावावर?

(ग्रामसंघांच्या पदाधिकारी महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज वेठबिगारीवर बोलायचं आहे. हा शब्द ऐकला की जुना काळ आठवतो. पण जगातले मोठे देश आत्ता तिच्यावर कायदे करताहेत. आपला त्याच्याशी काय संबंध, ते सांगते.

आपल्या वावरातल्या कापसाचंच बघा. वेचणी झाली की तो जिनिंगला जातो, मग सूतगिरणीत, मग त्याचं कापड होतं आणि शेवटी शर्ट परदेशातल्या दुकानात लागतो. या साखळीत कुठेही माणसाला सक्तीनं राबवलं असेल, तर तो माल आमच्या देशात नको, असं हे कायदे सांगतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात उइगुर लोकांना सक्तीनं कामाला लावतात, म्हणून अमेरिकेनं जून २०२२ पासून तिथला माल अडवायला सुरुवात केली. त्यात कापूसही आला. माल स्वच्छ आहे हे सिद्ध करायचं काम व्यापाऱ्यावर टाकलं. युरोपीय संघानंही २०२४ मध्ये असा कायदा केला. तो डिसेंबर २०२७ पासून लागू होईल.

तुम्ही म्हणाल, चीनचं आम्हाला काय करायचं? मग उसाकडे बघू. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या अमेरिकेच्या वर्तमानपत्रानं महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठी बातमी दिली. उचलीच्या कर्जात अडकलेल्या बायांची ती बातमी होती. इथली साखर कोका-कोला आणि पेप्सीसारख्या कंपन्यांकडे जाते, हेही त्यात होतं. आपल्या पुसद, उमरखेड, महागावकडच्या तांड्यांवरूनही जोड्या तोडीला जातात.

आता एक हिशेब करा. समजा, एका जोडीनं १ लाख उचल घेतली. हंगामात तोड झाली ८० हजारांची. आजारपणाचे, पाळीच्या त्रासाचे दिवस मुकादमानं खाड्यात कापले. वही त्याच्याकडेच. राहिले २० हजार, त्यावर आणखी खाडा. म्हणजे पुढच्या वर्षीही त्याच टोळीत जाणं आलं. आणि उचल असते नवऱ्याच्या नावावर. कोयता दोघांचा, पण कागदावर बाई नाहीच. उद्या कंपनीचा माणूस तपासणीला आला, तरी त्याला ती दिसणार कशी?

परदेशी कायदा माल अडवतो. बाईला सोडवत नाही. सोडवणारा कायदा आपल्याकडे १९७६ पासून आहे, वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा. उचल घेणं हा गुन्हा नाही. पण त्या पैशापायी काम सोडून जाऊ देत नाहीत, दुसरीकडे काम करू देत नाहीत, नाममात्र मजुरीवर राबवतात, तर ती वेठबिगारी. तसं ठरलं की राहिलेलं कर्ज कायद्यानं संपतं. ते वसूल करणं हाच गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे मालकानं सिद्ध करायचं. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलं आहे.

अर्ज करायचा जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. काम जिथे चालू आहे, त्या जिल्ह्यात. सुटका झाली की मुक्ती प्रमाणपत्र मागायचं. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे आणि बाईसाठी पुनर्वसनाचे २ लाख. पण ही मोठी रक्कम गुन्हा सिद्ध झाल्यावर मिळते. म्हणून पुरावा लागतो, आणि पुरावा आपल्या हातात पाहिजे.

त्यासाठी दसऱ्याच्या आधी प्रत्येक गटानं तीन कामं करायची.

पहिलं, गटातली कोण जाणार, कोणत्या कारखान्यावर, मुकादम कोण, त्याचा फोन नंबर, उचल किती, हे ग्रामसंघाच्या रजिस्टरला लिहायचं. उचलीच्या कागदावर बाईचंही नाव मागायचं, आणि त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा.

दुसरं, जाणाऱ्या प्रत्येकीला एक वही द्यायची. रोज किती टन तोडला, खाडा किती कापला, पैसे किती मिळाले. लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्यायचं. मुकादमाच्या वहीसमोर आपली वही असली पाहिजे.

तिसरं, दवाखाना, बियाणं, लग्न यासाठी उचल घ्यावी लागते. त्यातलं थोडं तरी गटाच्या कर्जातून भागतं का ते बघायचं. उचल जेवढी कमी, तेवढी परत यायची वाट मोकळी.

अडचण आली तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर आहे. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आपण दर आठवड्याला बचतीचा पैसा न पैसा लिहितो. वीस रुपये कमी आले तर बैठक उठत नाही. मग सहा महिन्यांच्या घामाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत का सोडायचा? पुढच्या बैठकीला रजिस्टर भरून आणा. मी गटागटानं बघणार आहे.