धर्माचा शब्द आणि ज्ञानाची कसोटी



त्यागी पुरुषाच्या शब्दाला समाज मान देतो, हे योग्यच आहे. परंतु जमीन, व्यापार, रोगराई अशा विषयांत त्या शब्दाचा अधिकार कोठवर पोहोचतो, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्याच्या उत्तरासाठी रायगडवासीयांना दूर जावयास नको. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला.

18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलित कुटुंबांनी विनोबांकडे जमीन मागितली. किती हवी, असे त्यांनी विचारले. 80 एकर, असे उत्तर आले. तेथेच रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली आणि भूदानाचा उदय झाला. पुढे 40 लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले. विनोबांजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती; अपरिग्रहाचे बळ तेवढे होते.

तथापि दान मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी खडकाळ किंवा वादग्रस्त निघाली आणि वाटपाविना राहिली. संताच्या शब्दाने दात्याचे हृदय द्रवले. जमिनीचा कस मात्र शब्दाने बदलत नाही. तेथे मोजणी, महसुली नोंद, पाणी आणि बी-बियाणे यांचे ज्ञानच उपयोगी पडते. विनोबा स्वतःही अध्यात्म आणि विज्ञान यांची सांगड घालावी, असे सांगत.

त्यांची कार्यपद्धती जैन समाजाने जवळून पाहिली आहे. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात सर्व पंथांना मान्य असा एक ग्रंथ व्हावा, हा आग्रह विनोबांचा. जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले. नोव्हेंबर 1974 मध्ये दिल्लीतील संगीतीत विविध पंथांचे मुनी व विद्वान यांनी त्यावर विचार केला आणि 756 गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. विनोबांनी प्रेरणा दिली, निर्णय जाणकारांवर सोपविला.

2025 मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून वाद उसळला, तेव्हा याच विवेकाची गरज होती. जीवदया हा धर्माचा प्राण आहे. त्याचबरोबर कबुतरांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने काहींना फुप्फुसांचा गंभीर विकार जडतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. हे नाकारण्याचा अधिकार दीक्षेने प्राप्त होत नाही. आणि मुक्या जीवांना उपाशी मारू नये, हे सांगण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. धाप लागलेला वृद्ध शेजारी हाही जीवच आहे. त्याची दया विसरून जीवदया पूर्ण होत नाही.

अनेकांताची शिकवण ज्या समाजाला लाभली, त्याला हे अवघड वाटू नये. काय करावे आणि कोणाला दुखवू नये, हे धर्माने सांगावे. कशाने काय घडते, हे परीक्षणाने ठरावे. यापुढे आरोग्य किंवा अर्थकारणाशी निगडित विषयावर ठराव करण्यापूर्वी विश्वस्तांनी वैद्य, अर्थतज्ज्ञ आणि ज्यांना झळ पोहोचते त्यांचे म्हणणे ऐकावे व ते पूज्य महाराजसाहेबांपुढे विनयाने ठेवावे. सत्य समजून घेऊन दिलेल्या उपदेशाने गुरूंचा मान वाढतोच.

जय जिनेंद्र!