नेमगिरीचा उतार मोकळा राहो
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



जिंतूरजवळील नेमगिरीच्या गुंफा डोंगराच्या पोटात आहेत. म्हणून संपूर्ण डोंगर हेच आपले मंदिर होय. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र शासनाने पारसनाथ डोंगरावरील पर्यटनविषयक कामांस स्थगिती दिली. सम्मेद शिखरजीच्या पावित्र्यासाठी समाजाने तेव्हा शासनाकडे जो संयम मागितला, तोच आता स्वतःही पाळावा. यात्रीनिवास, भोजनशाळा, वाहनतळ पायथ्याशी असावेत. उतार खोदला की पावसात माती वाहते, झाडोरा जातो, असंख्य जीव नष्ट होतात. पृथ्वीकाय व वनस्पतिकाय जीवांची रक्षा हाही अहिंसेचाच भाग आहे. खोल्यांसाठी देणगीदार सहज मिळतील. मोकळ्या उतारावर नावाची पाटी लागणार नाही. तरीही ते दान आपण करावे, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!