चाड्यावरची मूठ

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एक बाबा उठले आणि म्हणाले, "तुम्ही खर्च मांडता, हिशेब मांडता, सगळे खरे. पण देवावर तुमचा भरवसा आहे की नाही, तेवढे सांगा." वेळ संपली होती, उत्तर राहून गेले. ते आज देतो.

कोरडवाहू शेतकऱ्याएवढा देवावर भरवसा टाकणारा दुसरा कोण आहे? पगारदाराला पगाराची तारीख ठाऊक असते. आपल्याला मिरगाची तारीख ठाऊक असते, पावसाची नाही. तरी धूळपेरणीत आपण कोरड्या मातीत बी टाकतो. ते बी उसनवारीचे असते, कधी घरधनिणीच्या गळ्यातले मोडून आणलेले असते. पाऊस आला तरी तो किती येईल, याचा नेम नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात इतके पाणी झाले की उभ्या कपाशीची बोंडे झाडावरच सडली. आणि त्याच वावरात आपण पुन्हा नांगर घातला. हा भरवसा नाही तर काय?

पण आमच्या आजोबांचा भरवसा कसा होता, तेही ऐका. उठता बसता तोंडी पांडुरंग. पण तुरीचे तास घातल्याशिवाय त्यांनी कपाशी पेरली नाही. चांगल्या सालाची ज्वारी पेवात जाई, आणि बियाण्याची कणसे आढ्याला टांगलेली असत. घरातले पीठ संपले तरी त्या कणसांना कोणी हात लावीत नसे. देव वाईट सालाचे चांगल्या सालीच देऊन ठेवतो, असे ते म्हणत.

दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, बादशहाचे कोठार भरलेले होते, पंतांनी ते हुकुमावाचून लोकांना मोकळे केले. पुढे विठोबा विठू महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारात गेला आणि धान्याची किंमत मोजून आला. इथे आपण डोळे पुसतो. आम्हाला मात्र अलीकडचा भाग सोडवत नाही. किल्ली माणसाच्या हातात होती. पंतांनी कुलूप काढले तेव्हा आत मान जाण्याचे भय होते, विठोबा येणार असल्याचा निरोप कोणी आणला नव्हता. आणि कोठारात धान्य आले कोठून? तुमच्या-आमच्यासारख्यांच्याच खळ्यावरून!

१९७२ च्या दुष्काळातली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशची लाल मिलो ज्वारी नाक मुरडत का होईना गिळली. ज्या तोंडाने देवाला हाक मारली, त्याच तोंडाने कामही मागितले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तो त्या दिवसांतून.

आता आमची एक चूक सांगतो. एका साली दुबार पेरणीही वाया गेली. आमच्या शेजारचा एक गडी पारावर यायचा बंद झाला. दिवसा दार लावून बसे. आम्ही गेलो, ओट्यावर चहा घेतला, "देव आहे, तो बघून घेईल" म्हणालो आणि उठून आलो. स्वतःच्या मनाला सांगायला हा शब्द फार मोठा आहे; दुसऱ्याला सांगून निघून यायला फार सोपा. त्याची बायको दारापर्यंत आली, काही बोलली नाही. घरात फवारणीची बाटली होती, ती तिने लपवून ठेवली होती. हे आम्हाला फार नंतर कळले.

त्याला त्या दिवशी वाचवले ते आमच्या शब्दाने नव्हे. भावकीतली एक म्हातारी, विधवा बाई, स्वतःची तीन एकर. तिने आढ्यावरची कणसे काढली, झोडली, पदरात ज्वारी घेऊन त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "ऊठ रे, रब्बीची वापसा जाईल. माझ्याने तिफण हाकवत नाही. तू हाक, मी चाड्यावर मूठ धरते. आधी तुझे वावर, मग माझे."

तो उठला. आम्ही बांधावर उभे होतो. मग आम्हीही बैल सोडून आणले.