करडी चौकट आणि काळी अक्षरे

श्रोतेहो, वर्तमानपत्राचं पान उघडलं की उभे रकाने दिसतात. त्यांतच एखादा मजकूर करड्या पार्श्वभूमीवर, चौकटीत छापलेला असतो. हेतू असा, की महत्त्वाची गोष्ट आधी नजरेत भरावी. पण पुष्कळदा नजरेत भरते ती चौकट. आतला मजकूर काही वाचवत नाही. असं का होतं, ते आज पाहू.

काळ्या शाईच्या छपाईत करडी शाई वेगळी नसते. कागदावर काळे बारीक ठिपके जवळजवळ उमटवतात आणि डोळ्याला ते करडे भासतात. ठिपके मोठे केले की छटा गडद, लहान केले की फिकी. अमेरिकेत बेंजामिन डे यांनी १८७९ साली अशा ठिपक्यांच्या तयार छटा छपाईत वापरण्याची रीत काढली. आज हे काम संगणक करतो. पण ठिपका तो ठिपकाच.

आणि आपल्या लिपीत तर अनुस्वार म्हणजेही ठिपका! खरबरीत कागदावर शाई पसरते, छटेचे ठिपके फुगतात, त्यांत अनुस्वार हरवतो. 'आंबा'चा 'आबा' झाला, तर आपण हसून सोडून देऊ. पण फवारणीच्या औषधाचं प्रमाण चौकटीत '२.५ मिली' असं दिलं आहे आणि मधला ठिपका दिसलाच नाही, तर? दहापट औषध पंपात जाईल. पीक करपेल, फवारणाऱ्याच्या जिवावरही बेतेल.

मग चौकट टाकूच नये का? तसं नाही. छटा फिकी ठेवावी, शेकडा दहाच्या आसपास. अक्षर थोडं मोठं नि ठसठशीत घ्यावं. रकाना मुळातच अरुंद. म्हणून ओळी जरा आखूड करून अक्षर आणि चौकटीची कड यांत चारी बाजूंनी मोकळी जागा सोडावी. शक्यतो चौकट एकाच रकान्यात पुरी व्हावी. ती तळाशी तुटून पुढच्या रकान्याच्या माथ्यावर गेली, तर वाचणाऱ्याला वाटतं, संपलं. आणि सूचना अर्धीच वाचली जाते. तोडावीच लागली, तर दोन्ही तुकड्यांना सारखीच छटा द्यावी आणि खाली 'पुढे चालू' असं लिहावं.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रश्नपत्रिकेत हे विशेष सांभाळा. मूळ कागदावर छटा छान दिसते. पण त्याची झेरॉक्स, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स निघाली, की करड्याचे काळे डाग होतात. तिथं साधी रेघेची चौकटच बरी.

कसोटी सोपी आहे. छापण्याआधी एक प्रत काढा आणि चष्मा लागलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला दिवेलागणीच्या वेळी मोठ्यानं वाचायला सांगा. आकड्यावर ते अडखळले, तर छटा काढून टाका. आणि औषधाचं प्रमाण आकड्याबरोबर अक्षरांतही लिहा: अडीच मिली.