गाळणी कोणासाठी?

(मेटगळ्ळी, म्हैसूर येथील कामगार अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेटगळ्ळी म्हटले की टायर आठवतो. येथील विक्रांत टायर 1997 मध्ये जे. के. टायरकडे गेला, नाव बदलले, पण टायर करण्याची रीत तीच राहिली. कार्बन ब्लॅक ही काळी पूड रबरात मळल्याशिवाय टायरला बळ येत नाही. पूड ओतताना, तोलताना उडते. ती ओढून घेणाऱ्या एअर फिल्टरविषयी आज बोलायचे आहे. आमचा प्रश्न एकच : कारखान्यातील गाळणी कोणाला वाचवते?

औषध कारखान्यात हेपा फिल्टर असतो. 0.3 मायक्रॉनच्या 10,000 कणांपैकी तो किमान 9,997 अडवतो. ही गाळणी मालासाठी आहे; इंजेक्शन दूषित होता कामा नये. पेंट शॉपमध्ये आत येणारी हवा गाळतात, ती ओल्या रंगावर कण बसू नये म्हणून. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेला फिल्टर यंत्र वाचवतो. हे फिल्टर बहुधा वेळेवर बदलले जातात, कारण माल बिघडला की तोटा त्याच दिवशी हिशेबात येतो. माणसाचे फुप्फुस बिघडलेले कळायला दहा-वीस वर्षे लागतात, आणि तो तोटा घरच्यांच्या हिशेबात जातो.

आता जेथे गाळणी माणसासाठी हवी ती ठिकाणे पाहा. कोल्हापूरजवळ शिरोलीला आणि बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत. साचा फोडताना, कास्टिंग घासताना वाळूची बारीक धूळ उडते; तिच्यातील सिलिकाने सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. सूतगिरणीत ब्लोरूम आणि कार्डिंगला कापसाची धूळ सर्वांत जास्त. सुटीनंतर कामावर आल्यावर छाती आवळते, ती बिसिनोसिसची खूण. रबर उद्योगातील काम तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे.

अशा कोरड्या धुळीसाठी बॅग फिल्टर चालतो. कापडी पिशव्यांवर धूळ अडते, दाबाच्या हवेचा झटका देऊन ती खाली पाडतात. त्याच्या अंगावरचे दाबाचे गेज प्रत्येक कामगाराला वाचता आले पाहिजे. आकडा नेहमीपेक्षा फार चढला, तर पिशव्या तुंबल्या. मग हूड धूळ ओढत नाही. ब्लोअर चालू असून आकडा एकदम उतरला, तर पिशवी फाटली असण्याचा संभव. ब्लोअरचा आवाज येतो म्हणजे फिल्टर चालतो, असे समजू नका. शिवाय पिशवी धूळ अडवते, वाफ नाही. सोल्युशनची वाफ, क्युरिंगचा धूर यांसाठी वेगळी ओढणी आणि गरजेप्रमाणे सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो.

कायदा काय सांगतो? 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 14 मध्ये धूळ उगमापाशीच ओढून घ्यावी, असे बंधन होते. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात सांगितले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 आली आहे. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क तिच्यातही आहे. तो आपण वापरला पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे असे :

1. गेजच्या नोंदीची वही प्रत्येक पाळीत भरावी व ती युनियनला पाहता यावी.

2. हवेतील धुळीची मोजणी कामगार उभा राहतो त्या जागी व्हावी, आणि आकडे फलकावर लागावेत.

3. पिशव्या बदलणारा बहुधा कंत्राटी कामगार असतो. सर्वांत जास्त धूळ तोच खातो. त्याला योग्य मास्क, कपडे आणि वैद्यकीय तपासणी कायम कामगारांइतकीच मिळावी.

4. मास्क हा फिल्टरचा पर्याय मानू नये.

बंधू-भगिनींनो, पगारवाढीच्या मागणीला आपण गेटवर उभे राहतो. पुढच्या मागणीपत्रात स्वच्छ हवा पगाराच्या खाली नव्हे, बरोबरीने लिहा. वाढलेला पगार पुढे दवाखान्यात भरायचा असेल, तर तो लढून मिळवला कशासाठी?