जखमेची शुश्रूषा : घरातील वैयावृत्त्य



सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना होते. रुग्णसेवा हे तप आहे आणि त्याला ज्ञानाची जोड हवीच.

दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते, रक्तपुरवठाही घटतो. मंदिरात अनवाणी जाताना तापलेल्या फरशीने तळपाय भाजला तरी कळत नाही. जखम दुखत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात; वास्तविक हे न दुखणेच घातक ठरते.

हळद, राख वा पावडर भरून अशी जखम बरी होत नाही. प्रशिक्षित परिचारिका घरी येऊन डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार सलाइनने जखम धुते, लांबी-रुंदी मोजून नोंद ठेवते, योग्य ड्रेसिंग करते आणि जखमेवर भार पडू नये याची व्यवस्था पाहते. रक्तशर्करेवर नियंत्रण आणि आहारात डाळी-दुधातील प्रथिने आवश्यकच. ४ आठवड्यांत जखम निम्म्याने आकसली नाही, तर उपचारांचा फेरविचार करावा. काळेपणा, दुर्गंधी, ताप वा पसरणारी लाली दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सायंकाळच्या प्रतिक्रमणाआधी वडीलधाऱ्यांचे तळपाय उजेडात न्याहाळणे, हे प्रत्येक घराला साधणारे वैयावृत्त्य होय.

जय जिनेंद्र!